वाचकांचे प्रश्न : पाच हजार वर्षांचा जिन्न गोष्ट सांगतो तेव्हा

मागच्या अंकात किशोरवयीन मुलांच्या फॅन्टसी कादंबऱ्यांबद्दल लिहिताना जोनाथन स्ट्राउड या ब्रिटिश लेखकाच्या बार्टिमियस मालेचा उल्लेख केला होता, आणि या महिन्यात आलेले जवळपास सगळे प्रश्न तिच्याबद्दलचेच निघाले. म्हणून हा अख्खा कॉलम तिलाच देतेय.

ज्यांनी ही माला वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ तीन पुस्तकं २००३, २००४ आणि २००५ साली आली, चौथं २०१० मध्ये. पहिल्या तिन्हींची गोष्ट लंडनमध्ये घडते, पण हे लंडन वेगळं आहे, इथे सरकारच जादूगारांचं आहे, पंतप्रधान जादूगार, मंत्री जादूगार, आणि बाकीची जनता म्हणजे नुसती सामान्य माणसं, ज्यांना काही विचारायचा हक्क नाही. गंमत अशी की या जादूगारांच्या अंगात स्वतःची अशी जादू काडीचीही नाही. ते खडूने रिंगण आखतात, मंत्र म्हणतात, जिन्न, अफ्रित असल्या शक्तींना दुसऱ्या जगातून ओढून आणतात आणि बांधून राबवून घेतात. नॅथॅनिएल नावाचा अकरा-बारा वर्षांचा एक शिकाऊ मुलगा असाच एक जिन्न बोलावतो, वय पाच हजारांच्या पुढे, नाव बार्टिमियस, आणि त्याला एका बड्या जादूगाराच्या घरातून समरकंदचा ताईत चोरून आणायला सांगतो. यातला बराच भाग तो जिन्न स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि त्याची जीभ फार म्हणजे फार तिखट आहे.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. हे पुस्तक घेऊन रात्री एकटीच खुदुखुदु हसत बसते. वाचतेय याचा आनंद आहे, पण यात नुसते जिन्न, मंत्र आणि टोमणे आहेत असं वाटतं. हा टाइमपास आहे का? त्याऐवजी काहीतरी अर्थपूर्ण द्यावं का हातात? (एक आई, नाशिक)

ताई, पुस्तक तिच्या हातात राहू द्या. ती ज्याच्यावर हसतेय ना, तो जिन्न गुलाम आहे, आणि अर्थ शोधायचा तर सगळा तिथेच आहे.

बघा, बार्टिमियसला नाही म्हणायची सोय नाही. त्याचं नाव ज्याला ठाऊक तो त्याला कधीही बोलावू शकतो, हुकूम मोडला तर शिक्षेचे मंत्र आहेत, आणि आपल्या जगात घालवलेला प्रत्येक तास त्याच्या अंगाला दुखतो, जास्त दिवस ठेवून घेतलं तर तो झिजत जातो. चांदीने भाजतं, लोखंडाने त्रास होतो. पहिल्या पुस्तकात नॅथॅनिएल त्याला अशी धमकी घालतो की मला दगा दिलास तर तंबाखूच्या डबीत कायमचा कोंडला जाशील. म्हणजे वेळ, शरीर, कष्ट, यातलं काहीच त्याचं स्वतःचं नाही, आणि मालक कोण तर शाळकरी वयाचा एक पोरगा. उरतं काय त्याच्याकडे? बोलणं. आज्ञा पाळतो पण पाळताना मालकाच्या केसांवर, कपड्यांवर, अक्कलेवर, सगळ्यावर टिप्पणी करत राहतो, आणि ती टिप्पणी थांबवायचा मंत्र कुठल्याच जादूगाराला पूर्ण जमलेला नाही. या विनोदाच्या मागे एवढं आहे, आणि तुमच्या मुलीला ते शब्दांत सांगता आलं नाही तरी हसता हसता ती त्या जिन्नाच्या बाजूने उभी राहिली आहे, हे मी खात्रीने सांगते. गुलामगिरी वाईट असते हे शाळेत वाचणं वेगळं आणि ज्याच्या संगतीत तुम्ही तीनशे-चारशे पानं मजेत घालवलीत तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे हे जाणवणं वेगळं.

आणि दुसरं म्हणजे नॅथॅनिएलसुद्धा काही मोकळा नाहीये. त्या जगात जादूगारांना स्वतःची मुलं नसतात, ते साधारण पाच वर्षांची मुलं आईवडिलांकडून घेऊन त्यांना शिकाऊ म्हणून वाढवतात, आणि मुलाने आपलं जन्मनाव विसरायचं असतं. तेरा वर्षांच्या मुलीला हे वाचून प्रश्न पडतात, पडू द्या.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. या पुस्तकांत मृत्यू आहे, एका घराला लागलेली आग आहे, आवडलेली माणसं जातात, आणि तिसरा भाग पहिल्यापेक्षा बराच जड आहे. तेराव्या वर्षी झेपेल असंच मला वाटतं, पण तो भाग वाचून ती गप्प गप्प झाली तर दचकू नका. आणि "काय शिकलीस यातून?" असं अजिबात विचारू नका हं. त्यापेक्षा जिथे हसलीस तो तुकडा मला मोठ्याने वाचून दाखव म्हणा. तिला तर ते सांगायचंच असतं, फक्त कोणीतरी ऐकायला हवं असतं.

प्रश्न : मी छत्तीस वर्षांचा, आयटीत आहे. कंपनीच्या बसमध्ये हे पुस्तक वाचताना कव्हर झाकून वाचतो, कारण सगळे म्हणतात मुलांचं पुस्तक आहे. मला यात खरंच जास्त मजा येतेय की मी मोठ्यांची पुस्तकं टाळतोय? (पुणे)

कव्हर उघडं ठेवा हो. तुम्हाला जे दिसतंय ते तेरा वर्षांच्या वाचकाला निम्मंच दिसतं, त्याला पाठलाग दिसतो आणि तुम्हाला सरकारी खाती दिसतात, कोण कुठल्या मंत्र्याच्या मागे उभं राहतंय, कोणाची फाइल कोणी दाबली, संकट आलं की दोष कोणावर ढकलायचा हे आधीच कसं ठरलेलं असतं. दुसऱ्या भागात किटी जोन्स नावाची मुलगी आहे, सामान्य घरातली. क्रिकेट खेळताना चेंडू चुकून एका जादूगाराच्या गाडीवर जातो, तो चिडून मंत्र सोडतो आणि तिच्या मित्राचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. ती कोर्टात जाते. न्याय मागायला गेलेल्या त्या पोरीलाच कोर्ट दंड ठोकतं. हे प्रकरण ज्याने कधी कुठल्या ऑफिसात आपलीच तक्रार आपल्यावर उलटताना पाहिली असेल त्याला जास्त लागतं, आणि तसा अनुभव छत्तिशीत असण्याची शक्यता जास्त.

स्ट्राउड पूर्णवेळ लेखक होण्याआधी लंडनच्या एका बालसाहित्य प्रकाशनात संपादक होता. मुलांसाठी लिहायचं म्हणून काही पातळ करायचं नाही, हे त्याच्या पानापानात जाणवतं. मुलांचं पुस्तक म्हणजे मुलांनाही वाचता येईल असं पुस्तक, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

प्रश्न : तळटीपा वाचायच्या का सोडायच्या? प्रत्येक पानावर दोन-तीन आहेत. गोष्ट पळत असते आणि मध्येच खाली बघायला लागतं. मी मोबाइलवर वाचते, तिथे आकड्यावर टॅप केलं की पानच उडतं आणि परत यायला वेळ लागतो. शेवटी कंटाळून सोडून दिल्या. (कोल्हापूर, बी.ए. दुसरं वर्ष)

नको नको, सोडू नकोस! या मालेतली सगळ्यात जास्त मजा तिथेच पुरलेली आहे आणि माझा या कॉलममधला सगळ्यात आग्रहाचा मुद्दा हाच आहे.

आधी त्या का आहेत ते बघू. बार्टिमियसचं म्हणणं असं की त्याच्यासारख्याचं मन एकाच वेळी अनेक पातळ्यांवर चालतं, माणसाचं तसं चालत नाही, म्हणून त्याच्या डोक्यातले बाकीचे विचार त्याला खाली टीपेत टाकावे लागतात. म्हणजे तळटीप हा त्याचा स्वभावच झाला. अभ्यासाच्या पुस्तकातली टीप आपल्याला माहिती देते आणि इथली टीप आपल्याला तो माणूस, म्हणजे तो जिन्न, दाखवते. वर तो जीव मुठीत धरून छपरावरून पळतोय, मागे पहारेकरी लागलेत, आणि खाली टीपेत तो निवांतपणे सांगतोय की उरुक या प्राचीन शहरात असताना आपण काय पराक्रम केला होता. वरची घाई आणि खालची ऐट एकमेकांना लागून येतात तेव्हाच हसू फुटतं. टीप काढली तर उरतो नुसता पाठलाग, आणि तसे पाठलाग काय शंभर पुस्तकांत आहेत.

अजून एक. या टीपांमधूनच हळूहळू पाच हजार वर्षांचा इतिहास गोळा होतो. उरुक, कार्नाक, सॉलोमनचं जेरुसलेम, अलेक्झांड्रिया, प्राग, एकेका साम्राज्यात त्याने राबणूक केली आहे आणि प्रत्येक साम्राज्य त्याच्या डोळ्यांदेखत संपलं आहे. मालक बदलतात, मंत्र तेच राहतात. सुरुवातीला तुला वाटतं हा फुशारक्या मारतोय, मारतोच तो, पण दोनेकशे पानांनंतर लक्षात येतं की या फुशारक्यांमध्ये मेलेल्या सोबत्यांची नावं किती आहेत, किती भिंती त्याला बांधाव्या लागल्या आणि किती पाडाव्या लागल्या. हे लेखकाने वर मुख्य मजकुरात लिहिलं असतं तर रडगाणं झालं असतं. खाली, बारीक टायपात, टोमण्याच्या सुरात लिहिलंय म्हणून ते आत जातं.

आता वाचायचं कसं. टीपेचा आकडा आला की लगेच खाली जा, पान संपेपर्यंत साठवून ठेवू नकोस, कारण ती टीप त्या वाक्याच्या त्या शब्दाला चिकटलेली असते आणि चार ओळी पुढे गेलीस की त्यातली हवा जाते. मोबाइलवर काही वाचन-अ‍ॅप्समध्ये टीप त्याच पानावर छोट्या चौकटीत उघडते, तुझ्या अ‍ॅपमध्ये ती सोय आहे का बघ. नसेल तर सरळ कागदी प्रत घे, लायब्ररीत विचार, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचार. सगळ्याच पुस्तकांसाठी मी असा हट्ट करत नाही पण या पुस्तकाला खालचा समास लागतोच.

प्रश्न : आमच्या शाळेच्या वाचन-तासाला आठवी-नववीच्या मुलांबरोबर हे पुस्तक घेतलं आहे. मुलं जिन्नाची प्रकरणं खेचून घेऊन वाचतात आणि नॅथॅनिएलची गाळतात. म्हणतात, सर, हा बोअर आहे. लेखकाने सगळंच पुस्तक जिन्नाच्या तोंडून का नाही सांगितलं? (शिक्षक, सातारा जिल्हा)

सर, प्रश्न फार चांगला आहे आणि मुलांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. जिन्न 'मी' म्हणून बोलतो, नॅथॅनिएलची प्रकरणं मात्र बाहेरून, 'तो' म्हणून सांगितलेली आहेत, त्यामुळे एकदम आवाज खाली येतो, घरात गप्पा रंगल्या असताना पाहुणा उठून गेल्यासारखं होतं.

पण विचार करून बघा, सगळं पुस्तक बार्टिमियसच्या तोंडून आलं असतं तर नॅथॅनिएल आपल्याला कसा दिसला असता? आढ्यताखोर, निर्दयी, सूड घ्यायला निघालेला पोरगा. तेवढाच. कारण जिन्नाला तो तेवढाच दिसतो, आणि मालकाला समजून घ्यायची जबाबदारी गुलामाची नसते. आपल्याला मात्र दुसरी प्रकरणं सांगतात की हा मुलगा पाच वर्षांचा असताना एका सामान्य दर्जाच्या, भित्र्या जादूगाराच्या घरी आला, आर्थर अंडरवुड त्याचं नाव. त्या घरात त्याला माया दिली ती फक्त मिसेस अंडरवुडने, आणि चित्रकला शिकवणाऱ्या मिस ल्यूटियन्सने. मग सायमन लव्हलेस नावाचा बडा जादूगार त्याचा सगळ्यांसमोर अपमान करतो, त्याचा गुरू तोंड उघडत नाही, आणि जी एकटी बाई त्याच्या बाजूने बोलते तिची नोकरी जाते. हे माहीत असलेला वाचक पुन्हा जिन्नाच्या प्रकरणात शिरतो तेव्हा त्याच टोमण्यांवर हसतो, पण आता त्याला त्या मुलाचाही कळवळा असतो. दोन्ही एकाच वेळी वाटणं, ही या पुस्तकाची खरी करामत आहे, आणि ती नॅथॅनिएलची प्रकरणं गाळून मिळत नाही.

आणि पुढच्या भागांत तो मुलगा जॉन मॅन्ड्रेक या सरकारी नावाने वर चढत जातो, चौदाव्या वर्षी खात्यात, सतराव्या वर्षापर्यंत थेट मंत्री, आणि आपण बघत राहतो की तो हळूहळू नेमका त्याच माणसांसारखा होतोय ज्यांनी त्याला छळलं होतं. तो मूळचा कसा होता हे आठवत असलेलं त्या सगळ्या दरबारात एकच कोणीतरी आहे, आणि तो त्याचा गुलाम आहे. त्यामुळे जिन्नाची चेष्टा हळूहळू वेगळ्याच कामाला येते, मॅन्ड्रेकला ती चीड आणते कारण ती खरी असते.

वर्गासाठी एक करून बघा. ज्या रात्री नॅथॅनिएल जिन्नाला पहिल्यांदा बोलावतो तो प्रसंग पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला जिन्नाच्या बाजूने येतो. तो मोठ्याने वाचा, दोन मुलं, एक जिन्न एक मुलगा. मग मुलांना त्याच रात्रीचं पान नॅथॅनिएलच्या बाजूने लिहायला सांगा, घशाला कोरड पडलेली, माळ्यावरची खोली, खडूची रेघ कुठे पुसली तर मरायची वेळ. जिन्नाला जो पोरगा अडेलतट्टू वाटला तो आतून किती घाबरलेला होता हे मुलं स्वतः लिहून काढतील, आणि मग ती प्रकरणं गाळणार नाहीत.

प्रश्न : मी नववीत आहे, मराठी मीडियम. पुस्तक इंग्रजीत आहे आणि पहिल्या दहा पानांत पन्नास शब्द अडले. शिवाय ग्लॅडस्टन कोण, उरुक कुठे काहीच माहीत नाही. सोडून देऊ का? (जळगाव)

अरे सोडू नकोस, फक्त डिक्शनरी बाजूला ठेव. बार्टिमियस बढाई मारायला लागला की मुद्दाम भारी भारी शब्द वापरतो, समोरच्याला दिपवायला, म्हणजे तिथे तुला सगळे शब्द नाही कळले तरी "हा आता ऐट करतोय" एवढं कळलं की काम झालं. एक प्रकरण मोठ्याने वाच, नाटकात वाचतात तसं, तुझ्या कानाला सूर लागला की अर्थ मागून येतो. शब्द अडला तर पेन्सिलने खूण कर आणि प्रकरण संपल्यावरच बघ, तोवर निम्म्या खुणा खोडाव्या लागतील.

इतिहासापुरतं सांगते. उरुक हे आजच्या इराकमधलं फार जुनं शहर, जगातल्या पहिल्या मोठ्या शहरांपैकी एक. कार्नाक म्हणजे इजिप्तमधली प्रचंड देवळं. सॉलोमन हा बायबलमधला राजा, पुढच्या दंतकथांमध्ये त्याच्या अंगठीच्या ताब्यात सगळे जिन्न असतात. विल्यम ग्लॅडस्टन हा खराखुरा माणूस होता, एकोणिसाव्या शतकात चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, लेखकाने त्याला आपल्या गोष्टीत साम्राज्याचा सगळ्यात ताकदवान जादूगार करून टाकलंय. प्राग ही या गोष्टीत आधीच्या साम्राज्याची राजधानी आहे, आणि मातीचा गोलेम, म्हणजे मंत्राने जिवंत केलेला पुतळा, उठवल्याची ज्यू लोकांची दंतकथा खरोखरच त्या शहराशी जोडलेली आहे. बस, एवढ्यावर तिन्ही पुस्तकं निघतील.

आणि जिन्न आपल्याला काही परके नाहीत बरं. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या तेव्हापासून ते मराठी घरांत वावरतायत. आणि बांधलेल्या पिशाच्चाने चतुर बोलून राजाला हैराण करायचं हे तर तुला वेताळ पंचविशीतून माहीतच आहे, विक्रमाच्या खांद्यावर बसून वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न टाकतो आणि राजा बोलला रे बोलला की परत झाडावर. तू त्या गोष्टी ऐकलेल्या असशील तर या पुस्तकासाठी तुझी तयारी इंग्लंडमधल्या मुलापेक्षा कमी नाहीये.

प्रश्न : चौथं पुस्तक गोष्टीच्या काळाप्रमाणे सगळ्यात आधी घडतं ना? मग ते आधी वाचू का? (ठाणे)

शेवटी वाचा. ते इसवी सनापूर्वी ९५०च्या जेरुसलेममध्ये घडतं, सॉलोमनच्या दरबारात, आणि स्वतंत्रपणे वाचलं तरी पूर्ण कळतं. पण या जिन्नाची पहिली भेट लंडनमधल्या माळ्यावर, त्या मुलासमोर झालेलीच बरी.

प्रश्न : हा निवेदक इतकी बढाई मारतो, मग त्याचं खरं किती मानायचं? कधी कधी वाटतं तो आपल्याशीही खोटं बोलतोय. (नागपूर)

बोलतो ना. आपल्या शौर्याबद्दल बोलतो तेव्हा अर्धं सोडून द्या, लढाईत आपण काय केलं हे सांगताना तो कुठे लपून बसला होता ते त्याच्याच वाक्यातून कळतं. दुसऱ्यांच्या वेडेपणाबद्दल मात्र तो सहसा अचूक असतो, कारण हुकूम झेलणाऱ्याला हुकूम देणाऱ्याचा चेहरा नीट वाचावाच लागतो.

आणि मग अशा काही जागा आहेत जिथे तो विनोद करत नाही. त्याला कुठलंही रूप घेता येतं, पण तो वारंवार एका सावळ्या इजिप्शियन मुलाचं रूप घेतो. तो मुलगा कोण होता हे तिसऱ्या पुस्तकात नीट उलगडतं, इथे सांगून कोणाचा आनंद घालवणार नाही, फक्त एवढंच की त्या मुलाचा विषय निघाला की वाक्यं आखूड होतात, टीपा विरळ होतात, कधी नुसताच विषय बदलतो. सतत बोलणारा निवेदक कुठे गप्प बसतो तिथे बोट ठेवा, त्या जागा शंभर टक्के खऱ्या.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, लिहिते. मला मराठीत असा मिश्कील निवेदक लिहायचा आहे, फॅन्टसीच. पण माझा निवेदक दोन पानांनंतर नुसता पीजे मारणारा होतो. काय चुकतंय? (म्हापसा, गोवा)

तुझ्या निवेदकाला काय हवंय हे तुझं ठरलेलं नसणार. बार्टिमियसला एकच गोष्ट हवी आहे, सुटका. त्याचं प्रत्येक खवचट वाक्य त्या इच्छेवर घासून निघालेलं असतं म्हणून त्याला धार आहे. तुझ्या निवेदकाला काहीतरी जीव तोडून हवं असू दे आणि ते मिळू देऊ नकोस, मग बघ तो कसा बोलायला लागतो. कोट्या कमी कर, नजर वाढव. मिश्कील माणूस म्हणजे ज्याला इतरांना न दिसलेलं दिसतं तो, साहेबाच्या बुटाला लागलेला चिखल, मंत्र म्हणताना चाचरलेली जीभ. एका पानावर एकच जागा अशी ठेव जिथे वाचक फस्सकन हसेल, बाकी ठिकाणी त्याला नुसतं त्या आवाजाच्या सोबत चालू दे.

चिं. वि. जोशींचा चिमणराव वाचलायस का? तोही 'मी' म्हणून सांगतो आणि आपण पोट धरून हसतो, पण तो अगदी मनापासून, गंभीरपणे सगळं सांगत असतो, आपण हास्यास्पद दिसतोय याचा त्याला पत्ता नसतो. जिन्नाचं उलट आहे, तो आपण काय बोलतोय हे पुरतं जाणून असतो. हे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत, तुझा कुठला ते आधी ठरव, दोन्ही एकदम केलेस तर निवेदक हातातून निसटतो.

भाषा तुझ्या घरातली घे. मराठी-कोंकणीची सरमिसळ तुझ्या तोंडात असेल तर तीच त्याच्या तोंडात घाल, पुस्तकी मराठीत टोमणा बसत नाही. आणि लंडनकडे बघायची काय गरज, तुझ्याच गोव्यात आमोण्याला आणि लोलयेला बेताळ, म्हणजे आपला वेताळच, आहे, बाकीच्या कथांमध्ये ज्याला बांधून ठेवतात तो तिथे देव म्हणून पुजला जातो. ज्याला कोणीच बांधू शकत नाही, जो गावाची राखण करत रात्रभर फिरतो आणि ज्याला गावातलं सगळं माहीत आहे असा निवेदक कसा बोलेल? मला तरी असं काही वाचायला फार आवडेल. लिहून झालं की पहिलं प्रकरण पाठव, मी खरंच वाचेन.

प्रश्न : तिसरा भाग संपवला आणि तेव्हापासून दुसरं काही वाचवतच नाहीये. हातात घेतलेलं प्रत्येक पुस्तक मुकं वाटतं. काय करू? (डोंबिवली)

थोडे दिवस काहीच वाचू नका, त्या शेवटाला तेवढी जागा द्यायला हवी. मग स्ट्राउडचीच लॉकवुड अँड कंपनी ही पाच पुस्तकांची माला घ्या, २०१३ ते २०१७ मध्ये आलेली. तिथेही लंडनच आहे, पण भुतांनी ग्रासलेलं, आणि भुतं नीट जाणवतात फक्त मुलांना, म्हणून मुलंच एजन्सी काढून रात्री तलवारी घेऊन कामाला जातात. गोष्ट सांगते ल्युसी नावाची मुलगी. तिचा आवाज जिन्नासारखा मिरवणारा नाही, जास्त प्रामाणिक, थोडा हट्टी, मध्येच दुखावलेला, पण हसवते तीही आणि भीती तर बार्टिमियसपेक्षा जास्त वाटते. टेरी प्रॅचेट या विनोदी फॅन्टसी लिहिणाऱ्या ब्रिटिश लेखकाची टिफनी एकिंग या मुलीवरची पुस्तकंही घ्या, तिथे तळटीपा परत भेटतील. लॉकवुडवर नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये आठ भागांचा एक सीझन केला, पुढे तो थांबला. आधी पुस्तक वाचा आणि मग तो बघा, कारण ल्युसी मनातल्या मनात जे बोलते ते पडद्यावर फारसं येत नाही.